केस धुतले की दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंता: चूक नेमकी कुठे आहे ते कसं शोधायचं

रविवारी डोक्यावरून न्हायचं, संध्याकाळपर्यंत केस छान दिसतात. सोमवारी सकाळी गाडी पकडायच्या घाईत आरशासमोर उभं राहिलं की मानेपाशी गुंता, कपाळावर पिंजारलेल्या बटा आणि टाळू मात्र चिकट. मग चपचपीत तेल, घट्ट वेणी, बुधवारी परत न्हाणं आणि गुरुवारी पुन्हा तेच. मी हे वयाच्या दहाव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंत केलं. आता माझी लेक १२ वर्षांची आहे आणि गेल्या पावसाळ्यात तिचंही हेच सुरू झालं. तिची पंचवीस वर्षं यात जाऊ नयेत म्हणून जे कळलं ते सगळं लिहून काढते आहे. ज्यांच्या घरात हेच चाललंय त्यांनाही उपयोग होईल.

आमच्या घरात तीन तऱ्हेचे केस आहेत. आईचे सरळ, रेशमासारखे, बारीक. माझे कुरळे, जाड, वडिलांकडून आलेले. लेकीचे आठव्या-नवव्या वर्षापर्यंत सरळ होते, आता लहरी झालेत. मी लहान असताना लालबागच्या दोन खोल्यांत आम्हा सगळ्यांना तेलाची एकच बाटली, एकच फणी आणि शाम्पूची एकच पुडी. आईला केसांबद्दल जे ठाऊक होतं ते सगळं सरळ केसांबद्दलचं होतं आणि तेच तिने मायेने माझ्या डोक्यावर केलं. "अगं, हे केस आहेत की सुतळी!" म्हणत ती कोरड्या केसांतून मुळापासून फणी ओढायची आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिला वेगळं सांगणारं कुणी नव्हतं. पण दुखणं वर्षानुवर्षं परत येण्याचं कारण हेच होतं. एका डोक्याचा उपाय दुसऱ्या डोक्यावर केला जात होता.

आधी केस ओळखा

हे केल्याशिवाय पुढचं काही करू नका. एका सुट्टीच्या दिवशी केस धुवा, त्यावर काहीही लावू नका, विंचरू नका, पंच्याने नुसतं पाणी टिपून घ्या आणि आपोआप वाळू द्या. वाळल्यावर जे दिसेल तो तुमचा खरा केस. सरळ पडला, इंग्रजी एससारखी लाट आली, की बोटाभोवती गुंडाळल्यासारखे पीळ पडले, ते नीट बघा. आंद्रे वॉकर या अमेरिकन हेअर स्टायलिस्टने १९९० च्या दशकात केसांचे वन ते फोर असे प्रकार पाडले. वन म्हणजे सरळ, टू लहरी, थ्री कुरळे, फोर अगदी घट्ट पिळाचे. बाटल्यांवर आणि व्हिडिओंमध्ये टू-बी, थ्री-ए असं जे ऐकू येतं ते त्यावरूनच आलं. एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार असणं अगदी साधी गोष्ट आहे. माझ्या मानेवरचे पीळ घट्ट आहेत आणि कपाळावरची बट जवळजवळ सरळ.

दुसरी तपासणी जाडीची. एक गळलेला केस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळा. हाताला लागलाच नाही तर बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखा लागला तर जाड. पिळापेक्षा ही जाडी जास्त महत्त्वाची आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. बारीक कुरळ्या केसांवर जाड केसांची क्रीमं थापली की ते तासाभरात लोळतात, मग माणूस "मला काहीच सूट होत नाही" म्हणून सोडून देतो. पेल्यातल्या पाण्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो ते बघायला सांगतात, त्यावर विसंबू नका. केसावर जरासं तेल असलं तरी निकाल बदलतो.

मुळात फुगतात का

केस केराटिन या प्रथिनाचा असतो. त्यातले साखळदंड काही पक्क्या आणि काही कच्च्या बंधांनी धरलेले असतात. कच्चे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना जसा आकार असेल तसे पुन्हा जुळतात. इस्त्री केलेल्या सुती सदऱ्याचं उदाहरण घ्या. घामाने भिजला की तो चुरगळतो, आणि गंमत म्हणजे कापसातही असेच बंध असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. म्हणजे केस सकाळी कितीही नीट बसवा, हवा दिवसभर त्यात ओलावा घालत राहते, प्रत्येक केस आपल्या मनाने वळतो आणि सगळे मिळून फुगतात.

कुरळ्या केसांची आणखी एक अडचण आहे. टाळूतून येणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून खाली सहज उतरतं. वळणावळणाच्या केसावरून ते टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून मुळाशी चिकट आणि टोकाशी काथ्या, हे एकाच डोक्यावर एकाच वेळी दिसतं. आई याला "वरून तेलकट, खालून झाडू" म्हणायची आणि दोन्हीवर एकच औषध द्यायची: तेल. वरच्या भागाला त्याची गरज नव्हती आणि खालच्या भागाला तेवढं पुरत नव्हतं.

लक्षणावरून कारण

केस फुगलेत पण हाताला मऊ लागतात, असं असेल तर केस चांगलेच आहेत, फक्त वाळण्याच्या वेळी बसवले गेले नाहीत. हा सोपा प्रकार. शाम्पूनंतर कंडिशनर लावा, केस ओलेचिंब असतानाच त्यावर जेल लावा, बटा मुठीत धरून वर दाबा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर केस कडक लागतील, तेव्हा घाबरू नका. तळहातावर दोन थेंब तेल घेऊन केस चुरगाळले की कडकपणा जातो आणि पीळ राहतो.

विकतचं जेल घ्यायलाच हवं असं नाही. मी जवसाचं करते. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर उकळायचे आणि सतत ढवळायचं, नाहीतर तळाला लागतात. आठ-दहा मिनिटांनी पाण्यावर पांढरा फेस येतो आणि डाव उचलला की अंड्यातल्या पांढऱ्यासारखी तार सुटते. त्याच क्षणी गॅस बंद. आणखी दोन मिनिटं ठेवलं तर निवल्यावर त्याचा असा गोळा होतो की गाळताच येत नाही. गरम असतानाच जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळायचं. चहाच्या गाळणीत ते अडकून बसतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्यायचं.

एक सूचना आपल्या हवेसाठी. परदेशी व्हिडिओंमध्ये ग्लिसरीन असलेली क्रीमं भरभरून लावायला सांगतात. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. हिवाळ्यात, किंवा सगळा दिवस एसी ऑफिसात जाणार असेल तर ते चालतं. पण जून ते सप्टेंबर बाटलीवर ग्लिसरीनचं नाव पहिल्या चार-पाच घटकांत असेल तर ती बाजूला ठेवा. माझे दोन पावसाळे याच एका कारणाने वाया गेले. कारण समजल्यावर बाटली बदलली आणि फरक त्याच आठवड्यात दिसला.

केस फुगलेत आणि खरखरीत लागतात, असं असेल तर वरचं आवरण खराब झालंय. केसावर माशाच्या खवल्यांसारखे थर असतात, ते उघडले की केस एकमेकांत अडकतात. कारणं बहुतेक रोजच्या सवयींत सापडतात. जाड टर्किश टॉवेलने खसाखसा पुसणं, डोक्याला अंगाचा साबण लावणं (साबण अल्कधर्मी असतो आणि खवले उघडतो), तापलेलं स्ट्रेटनर, रंग. टॉवेलच्या जागी पंचा वापरा. आपल्या आजोबांच्या खांद्यावर असायचा तोच पातळ सुती पंचा. पुसायचं नाही, बटा त्यात धरून दाबायच्या.

आईच्या सरळ, बारीक केसांचं दुखणं वेगळं. ते फुगत नाहीत, एका दिवसात चपटे आणि तेलकट होतात. तिला एक दिवसाआड धुतलं तरी चालतं आणि कंडिशनर बोराएवढा, तोही फक्त टोकांना. मला आठवड्यातून दोनदा पुरतं आणि कंडिशनर लिंबाएवढा लागतो. शाम्पू दोघींनीही टाळूलाच लावायचा, खाली उतरणाऱ्या फेसाने केस आपोआप स्वच्छ होतात.

विंचरण्याची वेळ

गुंत्याचं अर्धं मूळ इथे आहे. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. म्हणून सरळ केस न्हाण्याआधी कोरडे असताना विंचरावेत आणि ओले असताना फणी लांब ठेवावी. कुरळ्यांचं मात्र उलटं आहे. कोरडे विंचरले की पीळ सुटतात आणि केसांचा पिंजारा होतो. ते ओल्या केसांत, कंडिशनर लावलेला असताना, त्या निसरडेपणावर सोडवायचे.

लेकीचे केस मी रविवारी सकाळी नळाला पाणी असतानाच सोडवते. मोरीत छोट्या स्टुलावर तिला बसवायचं. कंडिशनर लावून तीन मिनिटं थांबायचं. मग केसांचे चार भाग करून तीन चापांनी वर अडकवायचे. एक बट डाव्या मुठीत मध्यावर घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. शेवटची दोन बोटं लांबी मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवायची. ती मोकळी झाली की दोन बोटं वर. गाठ आली तर कंगवा बाजूला ठेवून बोटांनी उकलायची, अजून थोडा कंडिशनर. पहिल्या वेळी पाऊण तास लागला. आता पंधरा मिनिटं लागतात आणि ती रडत नाही.

तेलाचं काय

तेलाला मी विरोध करत नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं, कारण त्यातल्या लॉरिक ॲसिडचा रेणू लहान आणि सरळ असतो. २००३ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं होतं. त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना होती आणि केसातलं प्रथिन धुऊन जाणं फक्त खोबरेल तेलाने कमी झालं. हे संशोधन मुंबईतल्याच, खोबरेल तेल विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेतलं आहे, हेही लक्षात ठेवावं. तरी माझा अनुभव त्याला जुळतो. न्हाण्याआधी तास-दीड तास, टाळूला नाही तर लांबीला तेल लावलं की केस धुताना कमी तुटतात. न्हाल्यावर तेल लावून आठवडाभर तसंच ठेवणं मात्र मुंबईच्या घामात आणि धुळीत त्रासाचंच ठरतं.

आणि कोंडा असेल तर टाळूला तेल बंद. कोंडा मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीमुळे वाढतो आणि ती तेलावरच जगते. "टाळू कोरडी पडली, तेल घाल" हा सल्ला आपल्या प्रत्येक घरात मिळतो आणि कोंडा परत परत येण्याचं एक कारण तोही असतो. कीटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू केमिस्टकडे मिळतो. आठवड्यातून दोनदा, टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा, दोन ते चार आठवडे. लावून लगेच धुतला तर औषध काम करायला वेळच मिळत नाही. घरातल्या लहान मुलाला वापरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उवांबद्दल थोडक्यात. शाळा सुरू झाली की त्या येतात, त्यात लाजायचं काही नाही, स्वच्छ डोक्यातही होतात. औषधाने उवा मरतात पण लिखा राहतात आणि त्या सात-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दुसऱ्यांदा औषध सात-दहा दिवसांनी लावावंच लागतं. "मागच्याच महिन्यात काढल्या, परत कशा आल्या?" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. कुरळ्या केसांत बारीक फणी आधी कंडिशनर लावूनच फिरवा.

सगळं बरोबर करूनही बिघडलं तर: पाणी

हे मला फार उशिरा कळलं. लग्नानंतर आम्ही उपनगरातल्या एका सोसायटीत राहायला गेलो. दर एप्रिल-मेमध्ये केस राठ व्हायचे, शाम्पूला फेस यायचा नाही. पावसाळा लागला की सुधारायचे. मी ऊन, घाम, वय, सगळ्यांना दोष दिला. एका मे महिन्यात आईकडे पंधरा दिवस राहिले, बाटल्या त्याच नेल्या होत्या, आणि तिसऱ्या न्हाण्यापासून केस मऊ झाले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लालबागला पालिकेचं पाणी, तानसा-वैतरणा-भातसा वगैरे सात तलावांमधलं, पावसाचं, सौम्य. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टाकीत टँकरचं आणि बोअरवेलचं पाणी मिसळत होते. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात.

ओळखायची खूण सोपी आहे. नळाच्या तोंडावर, बादलीच्या आत, गीझरच्या पाण्याने भिजणाऱ्या लाद्यांवर पांढरट पापुद्रा धरत असेल तर पाणी जड आहे. उपाय: शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने, दोन-तीन तांबे पुरतात. महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला शाम्पू, तो क्षार काढतो. किंवा लिटरभर पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून ते शेवटी केसांवर ओतायचं, डोळे घट्ट मिटून. टाळूला जखम किंवा खाज असेल तर व्हिनेगर नको. सोसायटीच्या सेक्रेटरींना पाणी कुठून येतं ते विचारण्यात काही गैर नाही. आम्ही विचारलं आणि बोअरचं पाणी फक्त फ्लशला वापरायचं ठरलं.

सरळ करून घ्यावेत का

लग्नाआधी दोन महिने मी एका पार्लरमध्ये केस कायमचे सरळ करून घेतले. दिसले सुंदर, आणि तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा "केस छान आहेत गं तुझे" असं कुणीतरी म्हणालं. त्या वाक्यासाठीच मुली हे करतात, हे मला माहीत आहे. पण केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. पाच महिन्यांनी मुळाशी बोटभर कुरळे आणि खाली काडीसारखे सरळ, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे केस तुटायला लागले. या रसायनांनी केसातले पक्के बंधच तोडलेले असतात, त्यामुळे तो सांधा कच्चा राहतो. रोज सकाळी बेसिनमध्ये दोन-अडीच इंचांचे तुकडे पडलेले असायचे. पार्लरने "तेल लावा" एवढंच सांगितलं. शेवटी मी केस कानापर्यंत कापले आणि खांद्यापर्यंत यायला दोन वर्षं गेली.

केराटिन, स्मूदनिंग अशी सौम्य नावं असतात, पण त्यातल्या काहींतून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू निघतो. ज्यांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं, त्यानंतर किडनीला इजा झालेल्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. तरी करायचंच असेल तर आत काय आहे ते लेबलवर स्वतः वाचल्याशिवाय खुर्चीत बसू नका. गरोदरपणात नको. शाळकरी मुलीला तर नाहीच. तिचे केस अजून बदलणार असतात.

केस बदलतात, म्हणून उपायही बदलावा लागतो

बाळाचं जावळ पहिल्या काही महिन्यांत आपोआप गळतं आणि नवे केस वेगळेच येतात. जावळ काढल्याने केस दाट होतात हे खरं नाही. वस्तरा त्वचेवरचा केस कापतो, मूळ त्वचेच्या आत असतं. विधी म्हणून हौसेने करावं, दाट केसांच्या आशेने नको. वयात येताना संप्रेरकांमुळे सरळ केसांना लाटा येतात, लेकीचं तेच झालं. ती एक दिवस म्हणाली, "आई, माझे केस खराब झाले." मी तिला आरशासमोर बसवून सांगितलं की खराब नाही झालेत, वेगळे झालेत, आणि आता आपण तुझी बाटली वेगळी आणू.

बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मुठीने केस गळतात. गरोदरपणात जे गळायचे राहिलेले असतात ते एकदम गळतात आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचं पूर्ववत होतं. डेंग्यू, टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतरही दोन-तीन महिन्यांनी असंच होतं. तेव्हा शाम्पू बदलत बसू नका, कारण तीन महिन्यांपूर्वी शोधा. रोज ५० ते १०० केस गळणं तसं नेहमीचंच. कुरळे केस रोज विंचरत नसल्याने न्हाण्याच्या दिवशी ते एकदम हातात येतात आणि छाती धडधडते. केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून गळलाय. ठिपका नसेल, तुकडा असेल, तर तो तुटलाय. गळण्याचं कारण शरीरात शोधायचं, तुटण्याचं कारण हाताळण्यात.

गोल चकती पडली म्हणजे चाई लागली असेल, भांग रुंद होत असेल, तीन महिन्यांहून जास्त गळती चालू असेल, किंवा लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या धरून केस तुटत असतील तर घरगुती उपाय थांबवा. डोक्यातला नायटा नुसत्या मलमाने जात नाही, पोटात गोळ्या घ्याव्या लागतात. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचाविकार विभागाची ओपीडी आहे. रांग असते, पण तपासणी नीट होते. डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासायला सांगतात. घट्ट वेण्यांनी कानशिलावरचे केस विरळ होत असतील तर वेणी सैल करणं हाच उपाय आणि तो लवकर करावा, फार वर्षं गेली तर तिथे केस परत येत नाहीत. शाळेत दोन वेण्यांचा नियम असतो. सैल वेण्याही नियमात बसतात, वर्गशिक्षिकांना एकदा भेटून सांगितलं तर त्या ऐकतात.

आईचे केसही आता तिच्या आठवणीतले राहिले नाहीत. पांढरे, विरळ आणि तारेसारखे राठ. ती सवयीने तेल वाढवत गेली आणि टाळूला खाज सुटली. मी तिला तेल थांबवून तो कोंड्याचा शाम्पू दिला, खाज तीन आठवड्यांत गेली. आता लांबीला माझा कंडिशनर लावते आणि म्हणते, "तुझ्या लहानपणी हे असतं तर तुला एवढं रडवलं नसतं." मला ते ऐकून भरून आलं.

एक शेवटची गोष्ट. एका वेळी एकच बदल करा आणि किमान चार न्हाणी थांबा. शाम्पू, तेल, पंचा सगळं एकदम बदललं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही. मी कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलने लिहिते: काय लावलं, दुसऱ्या दिवशी कसे होते. त्यातूनच लेकीचा शेवटचा प्रश्न सुटला. सगळं जमलं होतं, तरी दर आठवड्याला सोमवार ते शुक्रवार तिच्या मानेपाशी डाव्या बाजूला गाठ व्हायची, शनिवार-रविवारी नाही. उजवीकडे कधीच नाही. जुलैच्या नोंदी एकाखाली एक वाचल्यावर मी तिला दप्तर घेऊन समोर उभं केलं. ती दप्तर एकाच खांद्यावर, डाव्या, अडकवते आणि रेनकोटची कॉलर त्या पट्ट्याखाली वर चढून मानेवर घासते. आता शाळेत जाताना दोन्ही वेण्या वर दुमडून रिबिनीने बांधतो आणि कॉलरच्या आत साटीनच्या जुन्या ओढणीची पट्टी शिवली आहे. गेल्या पाच आठवड्यांत गाठ झालेली नाही.